आखाताची वाट : आधी डाळ, मग केळी, शेवटी संत्रा

नागपुरी संत्र्याचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश होते. 2019 मध्ये तिथे किलोमागे साधारण 20 रुपये आयात शुल्क लागत असे. ते दरवर्षी चढत 2023 मध्ये 88 रुपयांवर गेले. वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजारच्या बागांतून पूर्वेकडे जाणारी वाट त्यामुळे आक्रसली, आणि राज्य सरकारला शुल्काच्या निम्म्या भाराइतके अनुदान देण्यासाठी 169 कोटी 60 लाख रुपयांची तरतूद जाहीर करावी लागली. तेव्हापासून अमरावती जिल्ह्यात चावडीपासून चर्चासत्रापर्यंत एक सल्ला हमखास ऐकू येतो : बांगलादेश गेला तर जाऊ द्या, माल दुबईले पाठवा. सल्ला चुकीचा नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये अपेडाच्या पुढाकाराने नागपुरी संत्र्यांचे सुमारे 1500 क्रेट भरलेला शीत-कंटेनर वाशीहून दुबईला रवानाही झाला होता. पण एक कंटेनर जाणे वेगळे आणि बाजार हाती येणे वेगळे. आखाताकडे वळू पाहणारा शेतकरी, उत्पादक कंपनी किंवा डाळमिलवाला यांनी सुरुवात कुठून करावी, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे, की ज्या मालात चूक खपते त्या मालावर आधी हात बसवावा, आणि ज्यात चूक अजिबात खपत नाही तो माल शेवटी उचलावा. वऱ्हाडापुरता हा क्रम डाळ, केळी आणि मग संत्रा असा लागतो. आपण मात्र नेमका उलटा, म्हणजे आधी कळस मग पाया, असा लावू पाहतो.

हा क्रम पटायचा तर आखात आणि बांगलादेश यांतला फरक आधी ध्यानात घ्यावा लागेल. बांगलादेशात अडचण शुल्काची होती; मालाच्या रंगारूपाबद्दल तिथला व्यापारी फारसा कुरकुरत नव्हता. आखातात नेमके उलटे आहे. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान, कतार, कुवेत आणि बहारीन या सहा देशांचे सर्वसाधारण आयात शुल्क 5 टक्के आहे, बऱ्याच ताज्या मालाला तेही लागत नाही. शिवाय अमिरातीशी भारताचा व्यापक आर्थिक भागीदारी करार 1 मे 2022 पासून लागू आहे. या सहा देशांत मिळून सुमारे 90 लाख भारतीय राहतात, आणि हे देश आपले बहुतांश अन्न बाहेरूनच आणतात. म्हणजे दार उघडे आहे आणि आत जेवणारेही आपलेच आहेत. तरीही दारात गर्दी आहे : इजिप्तची संत्री, पाकिस्तानचा किन्नू, फिलिपिन्स आणि इक्वेडोरची केळी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेचे कडधान्य. ज्याच्याकडे दहा देशांतून माल येतो तो खरेदीदार स्वस्ताईपेक्षा भरवसा आधी विकत घेतो. या आठवड्यात जसा माल आला तसाच पुढच्या आठवड्यात येईल का, कागद पूर्ण असतील का, बंदरावर अडकणार नाही ना, हे तो पाहतो. थोडक्यात, बांगलादेशची भिंत तिथल्या सरकारने बांधली होती. आखाताची भिंत आपल्याच बागेत, गोदामात आणि सवयींत उभी आहे. ती पाडणे आपल्या हातात आहे, हीच त्यातली चांगली बाजू.

ही गोष्ट वऱ्हाडाला अगदी नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इथला कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांत जात होता आणि त्याच्या एका प्रतीला बाजारात ‘उमरा’ म्हणत. ते नाव उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून पडले. गावाचे नाव प्रतीला मिळणे हा मोठा मान. पण त्याच काळात हिंदुस्थानी कापसात सरकी, माती, ओलावा आणि हलकी प्रत मिसळण्याची तक्रार इतकी वाढली की मुंबई सरकारला 1863 मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे 1886 मध्ये कारंज्यात देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. या इतिहासातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो : दूरच्या बाजारात भाव मालाला मिळतो तसाच प्रतीच्या नावालाही मिळतो, आणि ते नाव मिसळ-भेसळीने फार लवकर उतरते. आज आखातात ‘नागपुरी संत्रा’ हे नाव जपायचे आहे. त्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. नाव टिकवायचे तर कच्च्या तयारीने तो माल दुबईच्या बाजारात उतरवणे हा सर्वांत महाग प्रयोग ठरेल. प्रयोगच करायचा तर डाळीवर करावा.

अकोल्यातून सुरुवात करू. अकोला हे तूर आणि हरभऱ्याचे मोठे बाजारपेठेचे गाव, आणि डाळमिलांचे शहर. तूरडाळ, चणाडाळ, बेसन, फुटाणे या मालाचा निर्यातीच्या दृष्टीने मोठा गुण असा, की तो थांबू शकतो. ट्रक एक दिवस उशिरा पोहोचला, जहाज चुकले, बंदरावर तपासणीत चार दिवस गेले, तरी डाळ डाळच राहते. वीस फुटी कंटेनरमध्ये चोवीस-पंचवीस टन डाळ बसते, शीत-कंटेनरचे भाडे लागत नाही, आणि सुरुवातीला पूर्ण कंटेनर भरण्याची ऐपत नसेल तर दुसऱ्यांच्या मालासोबत थोडे टन पाठवता येतात. या काळात जे शिकायचे ते सगळे इथे शिकता येते. परकीय व्यापार महासंचालनालयाकडून पॅन क्रमांकावर आधारलेला आयात-निर्यात कोड काढणे, अपेडाची नोंदणी व सदस्यता प्रमाणपत्र घेणे, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना, बँक खात्याचा एडी कोड सीमाशुल्क विभागाच्या प्रणालीत नोंदवणे, जीएसटी न भरता निर्यात करता यावी म्हणून हमीपत्र देणे, मालाचे उत्पत्ती प्रमाणपत्र, धुरीकरणाचे प्रमाणपत्र, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. यांतला एकही कागद अवघड नाही. कस्टम हाउस एजंट बहुतेक गोष्टी करून देतो. अवघड असते ते सगळे कागद एकमेकांशी जुळवणे. बीजकावर एक वजन, पॅकिंग यादीवर दुसरे आणि गोणीवर तिसरे, एवढ्यावर माल अडतो. डाळीत ही चूक झाली तर दंड आणि विलंबावर भागते. संत्र्यात हीच चूक झाली तर कंटेनर उघडेपर्यंत आत बुरशी वाट पाहत असते.

डाळ पाकिटात घालून पाठवायची ठरवली की धडा आणखी खोल जातो. आखाती देशांत पाकीटबंद खाद्यपदार्थावर अरबी भाषेत मजकूर लागतो : पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, मूळ देश, साठवणुकीची सूचना, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख. अरबी मजकुराची चिकटपट्टी बहुधा चालते, पण तारखा मूळ पाकिटावर छापलेल्याच हव्यात. दुबईत आयातदाराला प्रत्येक पदार्थाची नगरपालिकेच्या प्रणालीत आधी नोंद करावी लागते आणि लेबलाचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. सौदीत हे काम तिथले अन्न व औषध प्राधिकरण पाहते. म्हणून पाकीट छापण्याआधी नमुना आयातदाराला पाठवून त्याची लेखी संमती घ्या. अकोल्यात पन्नास हजार पाकिटे छापून झाल्यावर अरबी शब्द चुकल्याचे कळले तर ती पाकिटे गावच्या बाजारातही कामाची राहत नाहीत. मुदतीचेही गणित असते : बरेच आयातदार माल पोहोचेल तेव्हा त्याची निम्म्याहून अधिक मुदत शिल्लक असावी असा आग्रह धरतात. बेसनाची मुदत सहा महिने लिहिली आणि माल गोदामात दोन महिने पडून राहिला तर तो जहाजावर चढण्याआधीच म्हातारा झाला.

इथे एक आक्षेप रास्त आहे. भारत स्वतः तूर आयात करतो, देशातला भाव पुष्कळदा बाहेरच्या भावापेक्षा चढा असतो, आणि दुबईत बाहेरचे कडधान्य आणून तिथेच डाळ करणाऱ्या गिरण्याही आहेत. मग अकोल्याची डाळ तिथे कशी टिकणार? सुट्या गोणीतल्या डाळीच्या बाबतीत हा आक्षेप मान्यच करावा लागेल. तिथे नफा दाण्याइतकाच असतो. शिवाय सरकारी धोरणाची टांगती तलवार राहते. 2006 पासून डाळींच्या निर्यातीवर बंदी होती. ती सर्व डाळींसाठी पूर्णपणे उठायला नोव्हेंबर 2017 उजाडला. त्यामुळे डाळीवर श्रीमंत होण्याची आशा धरू नये. डाळ ही इथे शाळा आहे. शाळेची फी कमी आणि नापास झालो तरी वर्ष वाया जात नाही, एवढ्यासाठी ती निवडायची. कमाईच्या दृष्टीने पाहायचेच तर भारतीय कुटुंबांच्या स्वयंपाकघरात जाणारा पाकीटबंद माल पाहावा : बिनपॉलिशची तूरडाळ, भाजणी, बेसन, फुटाणे, हळद, मिरची पूड. तिथे दुबईच्या गिरणीशी किलोच्या भावावर भांडावे लागत नाही. चवीवर आणि नावावर विक्री होते.

दुसरी पायरी केळीची. अकोट तालुक्यातला पणजचा परिसर आणि शेजारचा अंजनगाव सुर्जीचा पट्टा केळीसाठी ओळखला जातो, आणि इथली केळी इराणसारख्या बाजारापर्यंत गेलेली आहे. भारतीय केळीचे मोठे गिऱ्हाईक इराण, इराक, अमिराती, ओमान आणि सौदी हेच आहेत. करमाळा-टेंभुर्णी आणि जळगावच्या भागात पॅकहाउस, प्रशिक्षित मजूर आणि निर्यातदार यांची साखळी आधीच तयार असल्याने अकोटला ती नव्याने शोधावी लागत नाही, फक्त तिला जोडून घ्यावे लागते. केळी नाशवंत असली तरी शिस्तीत ठेवली तर बरीच सोशीक. हिरव्या अवस्थेत कापायची, 13 ते 14 अंशांवर ठेवायची आणि तिकडे गेल्यावर पिकवायची. न्हावाशेवाहून जेबेल अलीचा सागरी प्रवास काही दिवसांचाच आहे. म्हणजे केळीत चूक खपते, पण मोजकीच. डाळीच्या शाळेनंतरची ही पुढची इयत्ता.

या इयत्तेत शिकायचा विषय म्हणजे शेतातली शिस्त. निर्यातीच्या केळीला घड निसवल्यापासून राखावे लागते : वेळेवर केळफूल मोडणे, खालच्या अपुऱ्या फण्या काढून टाकणे, घडाला पिशवी घालणे, करप्याकडे लक्ष ठेवणे, कापणीच्या वेळी घड जमिनीला टेकू न देणे, फणी धुऊन, डाग पुसून, साधारण तेरा किलोच्या खोक्यात भरणे. केळीवर पडलेला एक ओरखडा अकोटच्या बाजारात कुणी पाहत नाही. पिकल्यावर तो काळा पडतो आणि दुबईच्या दुकानात तेवढ्यावर खोके बाजूला जाते. म्हणून निर्यातदाराशी बोलताना फक्त भाव विचारू नका. जळगाव-बऱ्हाणपूरच्या भावावर वर किती देणार, याच्या पुढे जाऊन विचारा : बागेतल्या किती टक्के मालाची उचल होईल, उरलेला कोण घेईल, नाकारलेल्या फण्या कोणत्या कारणाने नाकारल्या याचा हिशोब मिळेल का, वजन बागेत होईल की पॅकहाउसमध्ये, आणि पैसे किती दिवसांत. चढा भाव देऊन निम्माच माल उचलणाऱ्यापेक्षा थोडा कमी भाव देऊन चार-पंचमांश उचलणारा बहुधा परवडतो. इराणच्या बाजाराबाबत एक सावधगिरी ठेवावी. 2018 मध्ये अमेरिकेचे निर्बंध पुन्हा लागल्यापासून तिथून पैसे येण्याची वाट वाकडी झाली आहे. ती जोखीम निर्यातदाराने घ्यायची. शेतकऱ्याने पैसे पॅकहाउसच्या दारातच मोकळे करून घ्यावेत.

मग येतो संत्रा. नागपुरी संत्र्याचे गुण हेच त्याचे परदेशातले दोषही आहेत. साल सैल, म्हणून सोलायला सोपा. पण तीच सैल साल दाबाने फुटते आणि आत हवा राहते. रस भरपूर, चव आंबटगोड. पण बिया आहेत. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात तयार होतात तेव्हा रात्री पुरेशा थंड नसतात, त्यामुळे आत गोडी भरली तरी सालीवर हिरवट छटा राहते, आणि हिरवे संत्रे म्हणजे कच्चे असे परदेशी गिऱ्हाईक समजते. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने या फळाच्या काढणीनंतरच्या हाताळणीवर पुष्कळ काम केले आहे : देठासह कात्रीने तोडणे, धुणे, बुरशीनाशक प्रक्रिया, मेणाचा पातळ थर, आकारानुसार प्रतवारी, आणि 6 ते 7 अंश तापमान व 90 ते 95 टक्के आर्द्रतेत साठवण. ही साखळी पूर्ण पाळली तर फळ महिनाभराहून अधिक टिकते. मध्ये एक कडी तुटली, म्हणजे फळ ओढून तोडले, दुपारभर उन्हात ढीग करून ठेवले, उघड्या ट्रकमध्ये पेंढ्यावर भरून मुंबईला नेले, आणि मग शीत-कंटेनरमध्ये चढवले, तर कंटेनर फक्त कुजण्याची गती कमी करतो. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

चूक किती महाग पडते ते आकड्यांत मांडू. आकडे केवळ हिशोबासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, वीस टन संत्री दुबईच्या बाजारात पोहोचेपर्यंत फळाची किंमत, तोडणी, पॅकिंग, वाहतूक, जहाजभाडे असा सगळा खर्च किलोला 60 रुपये आला. एकूण 12 लाख. तिथे किलोला 70 रुपये मिळाले तर 14 लाख येतील आणि दोन लाख उरतील. आता त्यातले पंधरा टक्के फळ खराब निघाले असे धरा. विकायला सतरा टन राहिले. त्याचे 11 लाख 90 हजार. नफा गेला आणि दहा हजारांचे नुकसान झाले. तिथल्या अडत्याची दलाली आणि खराब माल फेकण्याचा खर्च अजून धरलेलाच नाही. पंधरा टक्के खराबी ही देशी बाजारात नेहमीची गोष्ट आहे. तिथे ती भावात जिरून जाते. आखातात तीच खराबी अख्खा नफा गिळते, कारण भाडे चांगल्या फळाला आणि कुजलेल्या फळाला सारखेच लागते. म्हणून संत्रा निर्यातीत भावाची चौकशी करण्याआधी खराबीचे मोजमाप केले पाहिजे. पाच खोकी भरून आपल्याच गावच्या शीतगृहात वीस दिवस ठेवा, मग उघडून मोजा. ज्या बागेचे फळ या चाचणीत पाचपैकी एकही खोके काळे करते, त्या बागेचा माल जहाजावर चढवू नका.

संत्र्याची दुसरी आणि जास्त कठीण अडचण आपल्या विक्रीच्या पद्धतीत आहे. वऱ्हाडात बहुतेक बाग झाडावरच विकली जाते. व्यापारी येतो, बाग पाहतो, एकरकमी किंवा हजाराच्या, टनाच्या भावाने सौदा ठरतो, इसार देतो आणि तोडणी त्याची. शेतकऱ्याला ही पद्धत का आवडते हे उघड आहे : मजूर शोधायला नको, वाहतूक नको, चुरीचे काय करायचे ही चिंता नको. पण या सौद्यात फवारणी एकाची, तोडणी दुसऱ्याची, प्रतवारी तिसऱ्याची होते, आणि माल नाकारला गेला तर कुणाच्या चुकीने, हे शोधता येत नाही. आखाती देश कीडनाशकांच्या अवशेषांबाबत दिवसेंदिवस कडक होत आहेत. 30 मे 2014 पासून सौदी अरेबियाने भारतातून येणारी हिरवी मिरची अवशेषांच्या कारणाने बंद केली होती. तो निर्णय काही खेपांच्या दोषावरून झाला, पण झळ सगळ्या देशाच्या मिरचीला बसली; राजुरा बाजारसारख्या मिरचीच्या पेठा ज्या तालुक्यात आहेत तिथल्या लोकांनी तर हे लक्षात ठेवलेच पाहिजे. काळी माशी, सायला किंवा फळमाशी यांच्यासाठी शेवटची फवारणी कधी केली, कोणत्या औषधाची, त्याचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ किती, हे वहीत नोंदलेले असले तरच ती बाग निर्यातीची. अपेडाच्या प्रणालीत बागेची नोंदणी असते ती याचसाठी. आणि नोंद ठेवणारा हात तोडणीच्या दिवसापर्यंत बागेत असला तरच त्या नोंदीला अर्थ. म्हणून संत्र्याची निर्यात करू पाहणाऱ्या उत्पादक कंपनीने पहिला ठराव असा करावा, की सभासदांच्या ठरावीक झाडांचा माल यंदा झाडावर विकायचा नाही. सगळी बाग नको. दहापैकी एक ओळ पुरे.

बहाराची निवडही बाजार पाहून करता येईल. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. हिवाळा लागून गेल्याने त्यांना रंग चांगला येतो. रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो : 2027 मध्ये तो 8 फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल, 2028 मध्ये जानेवारीच्या अखेरीस. उपवास सोडताना फळ आणि रसाची मागणी वाढते, आणि काही वर्षे तरी हा काळ आपल्या मृगाच्या तोडणीला लागून आहे. मात्र या योगाने हुरळून जाऊ नये. त्याच हंगामात इजिप्तची संत्री आणि पाकिस्तानचा किन्नू बाजारात असतो. किन्नूची साल घट्ट, कराचीहून प्रवास जवळचा. रसाच्या बाजारात आपण त्यांच्याशी झुंजू नये. सहज सोलता येणारे, चवीला वेगळे, नागपुरी नावाचे, एकसारख्या आकाराचे फळ भारतीय वस्तीच्या दुकानांत छोट्या खोक्यांतून नेमाने पोहोचवणे, एवढ्यावरच आपला जम बसवता येईल. रमजान उलटताच मागणी ओसरते, म्हणून माल महिनाभर आधीच ठरलेला असावा. बाजार चढलेला पाहून कंटेनर भरणारा उतरत्या बाजारात पोहोचतो.

या सगळ्यावर लहान शेतकरी म्हणेल, दोन एकरांच्या बागेला हे कसे झेपणार? एकट्याला झेपणार नाहीच, आणि त्याने स्वतःच्या नावे निर्यात करण्याचा हट्टही धरू नये. निर्यातीत दोन कामे आहेत : निर्यातीचा माल तयार करणे आणि तो परदेशात विकणे. पहिल्या कामातला मोबदला स्थिर असतो, दुसऱ्यातला मोठा पण डळमळीत. गटाने पहिली तीन वर्षे पहिलेच काम करावे : ठरलेल्या प्रतीचा माल, नोंदींसह, पॅकहाउसच्या दारात. आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने चाललेल्या मॅग्नेट प्रकल्पात केळी, संत्रा आणि मिरची ही पिके आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याचा स्मार्ट प्रकल्प उत्पादक कंपन्यांसाठी आहे. पॅकहाउस, प्रतवारी यंत्र, पूर्वशीतकरण यांसाठी त्यांतून आधार मिळू शकतो. पण अनुदानासाठी इमारत आणि मग इमारतीसाठी माल शोधणे हा उलटा क्रम टाळावा. ओसाड पडलेल्या शीतगृहांची विदर्भात वाण नाही. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाल्याने अमरावती जिल्ह्याच्या दक्षिण भागातून मुंबईकडचा प्रवास सुकर झाला आहे. पण वरूड किंवा अकोटच्या बागेपासून त्या रस्त्यापर्यंत फळ थंड राहिले नाही, तर रस्त्याच्या वेगाचा फायदा कुजण्यालाच मिळेल.

दुसरा आक्षेप धोरणाच्या लहरीचा. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली आणि मे 2024 मध्ये किमान निर्यात मूल्य व 40 टक्के शुल्कासह खुली झाली. मधल्या काळात अमिरातीला 14,400 टन कांदा सहकारी निर्यात संस्थेमार्फत देण्यासारख्या मोजक्या सवलती तेवढ्या मिळाल्या. तिकडूनही दार बंद होऊ शकते : 2018 मध्ये निपाच्या साथीमुळे अमिरातीने केरळची फळे-भाजी थांबवली होती. हा धोका खरा आहे, आणि तो टाळता येत नाही, वाटून घेता येतो. एकाच मालावर, एकाच देशावर, एकाच आयातदारावर अवलंबून राहणे म्हणजे बांगलादेशचा धडा विसरणे. डाळ, केळी, संत्रा अशी पायरीपायरीने चढण सांगण्यामागे हेही एक कारण आहे : तिसऱ्या पायरीवर पोहोचलेल्या गटाच्या हातात पहिल्या दोन शिल्लक असतात.

राहिला पैशाचा प्रश्न, ज्यावर बहुतेक नवे निर्यातदार बुडतात. दुबईच्या अल अवीर फळबाजारात पुष्कळ माल अडतीवर विकला जातो. माल तुम्ही पाठवायचा, विक्री तिकडचा अडत्या करणार, भाव विक्रीनंतर कळणार आणि खराबी, दलाली, गोदामभाडे वजा होऊन रक्कम येणार. अमरावतीच्या बाजार समितीत निदान समोर उभे राहून लिलाव पाहता येतो. दुबईत पट्टीवरचा आकडाच खरा मानावा लागतो. म्हणून पहिल्या खेपा अडतीवर पाठवू नका. काही रक्कम आगाऊ आणि उरलेली कागदपत्रे बँकेमार्फत सोडवताना, किंवा पतपत्रावर, असा सौदा करा. मालाची जबाबदारी भारतीय बंदरापर्यंतच ठेवणारा एफओबी भाव नवख्याला बरा. आयातदाराची पत तपासून एक्स्पोर्ट क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशनचा विमा घ्या. 1957 पासून ही सरकारी संस्था परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवल्यास नुकसानीचा मोठा भाग भरून देते. विम्याचा हप्ता जड वाटेल, पण ज्या सौद्यातला नफा विम्याच्या हप्त्याने संपतो तो सौदा मुळातच करण्यासारखा नव्हता. आणि करारात मालाची प्रत शब्दांत नव्हे तर मापात लिहा : फळाचा व्यास किती ते किती मिलिमीटर, खोक्यात नग किती, डागाची मर्यादा किती, तक्रार किती तासांत आणि कोणत्या छायाचित्रांसह. ‘उत्तम प्रतीचा माल’ या शब्दांवर आजवर फक्त भांडणे झाली आहेत.

पहिला कंटेनर निघतो तेव्हा हार, नारळ, झेंडा आणि वर्तमानपत्रात फोटो असतो. त्याचे मोल आहे, पण ते उत्साहापुरते. तुमची निर्यात सुरू झाली की नाही, हे दुसऱ्या कंटेनरची मागणी त्याच आयातदाराकडून, न मागता, आली का यावरून ठरवा. ती आली नसेल तर दुसऱ्यासाठी नवा आयातदार शोधू नका. पहिल्याला फोन करून माल उघडला तेव्हा कसा होता ते विचारा, आणि उत्तर वहीत लिहून घ्या. त्या वहीत डाळीची दोन-तीन वर्षे आणि केळीचे काही हंगाम जमा झाले, म्हणजे वरूडच्या संत्र्याला दुबईत काय काय सोसावे लागेल ते तोडणीच्या आधीच सांगता येईल.